मिलीबग, वही आणि निर्यातीची बाग

दिंडोरी तालुक्यातली आमची थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग यंदा पहिल्यांदाच युरोपच्या निर्यातीसाठी नोंदवली. कागदपत्रं फारशी नाहीत: सातबारा, आधार, प्लॉटचा नकाशा, मग कृषी खात्याकडून ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांच्या सरकारी ऑनलाइन यादीत, नोंद. खरा कस लागला तो मिलीबगशी, म्हणजे वेलीचा रस शोषणाऱ्या पांढऱ्या, मेणचट किडीशी.

लोकल बाजाराला माल जायचा तेव्हा घडावर त्याचा चिकटा, म्हणजे गोड चिकट स्राव, दिसला की फवारणीचा ब्लोअर जोडायचा, विषय संपला. निर्यातीत मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी चालते. बागायतदार तिला नुसतं ‘अ‍ॅनेक्शर पाच’ म्हणतात. प्रत्येक औषधासमोर मात्रा आणि पीएचआय, म्हणजे फवारणी ते काढणी किती दिवस सोडायचे ते. युरोपने ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याचा अंश किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमच चालतो. म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम! त्यामुळे आधी काढणीची तारीख धरायची आणि तिथून उलटं मोजत यायचं.

घडात शिरलेल्या मिलीबगपर्यंत औषध नीट पोचतही नाही. म्हणून सुरुवात छाटणीनंतरच केली. तो सुट्या सालीखाली दडतो. खोड-ओलांड्यांची साल काढून बागेबाहेर जाळली. मग मुंग्या. चिकटा खायला मिळतो म्हणून त्या मिलीबगला राखतात, त्याला खाणाऱ्यांना हुसकतात. त्यांचा बंदोबस्त आधी, मित्रकीटक नंतर.

मित्रकीटक म्हणजे क्रिप्टोलीमस. मूळ ऑस्ट्रेलियातला हा भुंगेरा भारतात १८९८ साली आणला गेला. शिफारस हेक्टरी ५००० भुंग्यांची. गंमत अशी, की याची अळीही पांढरी, मेणचट, दिसायला थेट मिलीबगच. थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, येणाऱ्या बायका तिला चिरडतील ही धास्ती. त्यांना सांगून ठेवलं, “मावशी, चुरूचुरू पळतो तो आपला, बसून राहतो तो चोर.” भुंगे सोडल्यावर जहाल औषध मारता येत नाही. हात बांधून बसणं बागायतदाराला किती जड जातं, ते बागायतदारच जाणे.

शेजारच्या अण्णांची बाग लोकलची. त्यांचं औषध वाऱ्याने आमच्या घडांवर आलं तर पंचाईत. त्यांना म्हटलं, “अण्णा, वारा आमच्याकडे असला की बांधालगतच्या ओळी हातपंपाने मारा.” “तुझ्या युरोपापायी माझी पाठ मोडायची!” म्हणाले, पण मारल्या.

फवारणीची नोंदवही बायकोने ठेवली. औषध, मात्रा, तारीख, कारण, सगळं त्याच दिवशी. कृषी सहायक ताई पाहणीला आल्या, तेव्हा बागेपेक्षा जास्त वेळ त्यांनी वहीत घातला. पुढे प्रयोगशाळेचा माणूस स्वतः येऊन प्लॉटभर फिरला, घड काढले, पिशवी सील करून घेऊन गेला. नमुना आपण नेऊन द्यायचा नसतो.

रिपोर्ट आला, सगळं मर्यादेत. तासाभरात व्यापाऱ्याचा फोन, “भाऊ, माल चांगला आहे, पण भाव जरा बसलाय…”