हसले कुठं, ते लिहून घ्या

"भारी झालंय भावा, पाठव चॅनलला!" टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमासाठी स्किट, म्हणजे छोटं प्रहसन, लिहिलं की हा अभिप्राय कोल्हापुरात एका चहावर मिळतो आणि त्याचा उपयोग शून्य. मित्र स्किट वाचताना तुमचा आवाज, तुमचे हातवारे मनात धरूनच हसत असतो. मुंबईत ती फाइल उघडणाऱ्यानं तुम्हाला कधी पाहिलेलं नसतं.

म्हणून आधी वाचन लावा. सहा-सात माणसं पुरतात, पण त्यातली निदान तिघं तुम्हाला फारशी न ओळखणारी हवीत. पात्रं वाटून दुसऱ्यांनीच वाचायचं. तुम्ही मागं बसायचं, हातात आपली प्रत आणि पेन्सिल. खळखळून हसले तिथं बरोबरची खूण, नुसते ओठ हलले तिथं टिंब, बाकी कोरं. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, घरी खुणा पडताळता येतात. पहिल्या अर्ध्या-पाऊण मिनिटात एकही खूण नसेल तर सुरुवात उडवा. बहुतेक वेळा खरं स्किट दुसऱ्या पानावर सुरू झालेलं असतं. एखादा मुरलेला नट वाचायला असेल तर सावध राहा, तो वाणसामानाची यादी वाचूनही हसवतो. तेच स्किट दुसऱ्या दिवशी सपाट वाचणाऱ्याकडून ऐका. जे त्याच्या तोंडीही हसवतं, ते कागदावर आहे.

वाचनानंतर "कसं वाटलं?" विचारलं की सगळे चांगलंच म्हणतात. "गोष्ट काय होती, दोन वाक्यांत सांगा," असं विचारा. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर पंच, म्हणजे हशा आणणाऱ्या ओळी, घासत बसू नका, प्रसंगच पुन्हा बांधा.

पंच फसतो त्याचं एक कारण तर आपल्या व्याकरणातच आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं हसवणारा शब्द मध्ये अडकतो आणि त्याच्यामागं 'आहे', 'होतं', 'म्हणून' यांची शेपूट लोंबते. कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाईकासमोर म्हैस पिळून दूध देतात, तिथलं स्किट घ्या. गिऱ्हाईकानं धारोष्ण दुधाचे पैसे स्कॅन करून दिले, पण नाव भलतंच दिसतंय. पहिला खर्डा असा येतो: "अहो, लक्ष्मी म्हणजे माझी म्हैस आहे, तिच्याच नावानं खातं दाखवतंय." सगळं सांगून झालं, हसायला जागा कुठाय? आता हे:

"नाव लक्ष्मी दाखवतंय."
"बरोबर हाय."
"वहिनी व्हय?"
"न्हाई. म्हैस."

शेवटचा शब्द म्हैस, पुढं काही नाही. हशा ओसरेपर्यंत नटाला थांबता येतं.

आता ती म्हैस मंचावर आणू नका. विनोदी कार्यक्रमात साधारण एकच सेट आणि तीन-चार नट धरून लिहायचं असतं. शिवाय चित्रीकरणात जनावर वापरायचं तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. नवख्याच्या स्किटसाठी तो खटाटोप कोण करेल? म्हैस विंगेत ठेवा, नुसती घंटा ऐकू द्या. अडचणीतूनच मग शेवट मिळतो: गिऱ्हाईक म्हणतं, पैसे दोनदा गेलेत, परत द्या. गवळी विंगेकडं तोंड करून विचारतो, "लक्ष्मे, द्यायचं का?" घंटा वाजते. "न्हाई म्हणतीय."

बोली हे आपलं भांडवल खरं, पण 'नाद खुळा' आणि तांबडा-पांढरा रस्सा यांवर आता कुणी हसत नाही. बोलीची गंमत 'व्हय', 'की' कुठं पडतात त्यात आहे.

लांबी पानांवर मोजू नका. पानाला एक मिनिट हा हिशेब इंग्रजी टंकाचा आहे. देवनागरीत घड्याळ लावूनच वाचायचं. नमुन्याचं स्किट आठ ते दहा मिनिटांत बसवा. युनिकोडमध्ये टाइप करून पीडीएफ पाठवा. जुन्या फाँटमधली वर्ड फाइल समोरच्याकडं उघडली की नुसती चिन्हं दिसतात, आणि पुन्हा मागवायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

पाठवायचं कुणाला? चॅनल कार्यक्रम घेतं, पण लेखक सहसा निर्मिती संस्था नेमते. कार्यक्रमाच्या शेवटी धावणारी श्रेयनामावली थांबवून वाचा, तिथं क्रिएटिव्ह टीमची नावं सापडतात. मेल पाच-सहा ओळींचा, त्यात स्किटचा गाभा एका वाक्यात. अख्खी संहिता मागितल्यावरच द्या, आणि त्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन तिथं नोंदवून ठेवा; हे ऑनलाइन होतं. कायदा लिहिलेल्या मांडणीला संरक्षण देतो, नुसत्या कल्पनेला नाही. तेव्हा 'म्हशीच्या नावावर पैसे' एवढंच फोनवर सांगून मोकळे होऊ नका.

कोल्हापुरातली वाट मात्र बहुतेक वेळा नटांमार्फत जाते. एकांकिका आणि हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींना जाऊन बसा, तुमची पाच मिनिटं कुणाला तरी करायला द्या. त्यातलाच कुणीतरी पुढं मालिकेत लागतो आणि लेखक हवा असला की त्याला तुमचं नाव आठवतं. मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद अनेकदा वेगवेगळे लोक लिहितात. नव्याला शिरकाव संवादात. संध्याकाळी प्रसंगाचा आराखडा येतो, सकाळी संवाद हवे असतात. ही सवय आत्ताच लावा. आणि दुसरं स्किट तयार असल्याशिवाय पहिलं पाठवू नका, कारण आवडलं तर लगेच विचारतात, "आणखी काय आहे?"