तीन फ्लोट आणि एक रिले: पंप ऑटोमॅटिक करताना

पंप 1 एचपीचा, सिंगल फेज मोनोब्लॉक. खालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा. तो आपोआप चालू-बंद करायला मी प्रोग्रॅमिंगच्या वाटेला गेलो नाही. तीन फ्लोट स्विच (पाण्याबरोबर वर-खाली होऊन जुळणारे-तुटणारे), 24 व्होल्टचा आठ पिनी रिले (कॉइलला वीज मिळाली की काँटॅक्ट बदलणारा छोटा स्विच), 24 व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय (एसएमपीएस) आणि मोटरचा मोठा करंट जोडणारा-तोडणारा 230 व्होल्ट कॉइलचा कॉन्टॅक्टर एवढ्यावर भागलं.

फ्लोटमधून थेट मोटर चालवली नाही. मोटर सुरू होताना नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट ओढते. फ्लोटमधला काँटॅक्ट त्याने कधीतरी चिकटतो आणि टाकी वाहत राहते. शिवाय पाण्यात 230 व्होल्ट कशाला सोडायचे?

जोडणी अशी: 24 व्होल्टचा प्लस आधी खालच्या टाकीच्या फ्लोटमधून जातो (पाणी असलं की जुळलेला), मग गच्चीवरच्या टाकीतल्या वरच्या फ्लोटमधून (टाकी भरली की तुटणारा), मग तिथल्याच खालच्या फ्लोटमधून (पाणी उतरलं की जुळणारा) रिलेच्या कॉइलवर. रिलेचा एक एनओ काँटॅक्ट (एरवी तुटलेला, रिले ओढला की जुळणारा) या शेवटच्या फ्लोटला पॅरलल. दुसरा कॉन्टॅक्टरची कॉइल चालवतो. पहिल्या एनओमुळे लॅचिंग होतं, म्हणजे एकदा ओढलेला रिले स्वतःला धरून ठेवतो. ते नसेल तर पाणी खालच्या फ्लोटच्या जरा वर आलं की पंप बंद, जरा उतरलं की पुन्हा चालू. या रचनेत उंदराने वायर तोडली तरी पंप थांबतो, टाकी वाहत नाही. फ्लोटच्या तारांच्या रंगांवर मात्र विसंबू नका. फ्लोट हाताने वर-खाली करून मल्टीमीटरच्या बीपवर कॉमन, एनओ, एनसी (एरवी जुळलेला) ओळखा.

जादा करंट गेला की मोटर बंद करणाऱ्या ओव्हरलोड रिलेने मला छळलं. करंट नेमप्लेटइतकाच, तरी ट्रिप. थ्री फेजसाठीच्या या रिलेच्या तीनपैकी एकाच पोलमधून (करंटच्या वाटेतून) फेज नेला होता, त्यामुळे रिलेला वाटायचं फेज गेलाय. फेज तिन्ही पोलमधून सिरीजमध्ये फिरवला, ट्रिपिंग थांबलं.

दोन्ही टाक्या रिकाम्या असताना वेगळीच अडचण येते. खाली थोडं पाणी साठतं, पंप ते लगेच उपसतो, थांबतो, पुन्हा सुरू. खालच्या टाकीतल्या फ्लोटच्या वजनापुढची मोकळी केबल लांब ठेवली की चालू-बंद पातळ्यांत अंतर पडतं. तेवढ्याने भागलं नाही तर ऑन-डिले टायमर (पंप थोडं थांबून सुरू करणारा), 3 मिनिटांचा. बंद होण्याची पातळी फूटव्हॉल्व्हच्या (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तळाच्या झडपेच्या) किमान 15 सेंटिमीटर वर हवी, नाहीतर भोवऱ्यातून हवा ओढली जाते. गच्चीवर पाण्याची धार फ्लोटवर पडत असेल तर रिले खडखडतो. इनलेट दुसऱ्या कोपऱ्यात न्या.

वीज गेली की लॅच सुटतं. टाकी अर्धी असेल तर वीज आल्यावर पंप आपणहून सुरू होत नाही, पाणी खालच्या फ्लोटपर्यंत उतरायची वाट पाहतो. जिथे खालच्या टाकीत पाणी तासभरच येतं, तिथे ही वाट परवडत नाही. म्हणून खालच्या फ्लोटला पॅरलल एक पुश बटण द्या. एकदा दाबलं की टाकी भरेपर्यंत लॅच धरून ठेवतं.