जिटरचा आकडा नेमका कोणाचा?

५ गिगाबिट प्रतिसेकंद वेगाच्या सिरियल लिंकमध्ये (एकामागोमाग एक बिट वाहणाऱ्या जोडणीत) एका बिटाच्या वाट्याला २०० पिकोसेकंद येतात. एवढ्याशा अवधीत सिग्नलची कड (० ते १ किंवा १ ते ० असा बदल) ठरलेल्या क्षणापासून किती मागेपुढे होते, म्हणजे जिटर किती, हे ऑसिलोस्कोपमधील (सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणातील) सॉफ्टवेअर एक बटण दाबताच सांगते. तो आकडा मर्यादेबाहेर गेला की बहुतेक जण सर्किट बोर्डाच्या मागे लागतात. परंतु त्यात लिंक, क्लॉक रिकव्हरी (सिग्नलमधूनच क्लॉक शोधून काढणे) आणि स्वतः स्कोप या तिघांचाही वाटा असतो. भांड्यासकट तोललेल्या तुपासारखे ते वजन असते, आणि आधी भांडे वजा केल्याशिवाय मी बोर्डाला हात लावत नाही.

पहिला संशय क्लॉक रिकव्हरीवर घ्यावा. कड उशिरा आली असे म्हणायचे, तर ती कोणत्या क्लॉकच्या तुलनेत, हे आपणच सॉफ्टवेअरला सांगत असतो. पीसीआय एक्स्प्रेससारख्या लिंकमध्ये विद्युतचुंबकीय उत्सर्जन एकाच फ्रिक्वेन्सीवर साचू नये म्हणून अनेकदा स्प्रेड स्पेक्ट्रम चालू ठेवलेले असते. त्यात क्लॉकची फ्रिक्वेन्सी सेकंदाला ३० ते ३३ हजार वेळा ०.५ टक्क्यांपर्यंत खाली जाऊन परत येते. स्थिर क्लॉकशी तुलना केली, तर एवढ्यानेच कडा सुमारे २० नॅनोसेकंदांच्या पट्ट्यात, म्हणजे शंभर बिटांइतक्या, हेलकावतात. आकडा इतका अवाढव्य असला की चूक तत्काळ लक्षात येते. फसगत होते ती मधल्या स्थितीत. पहिल्या क्रमाचा पीएलएल (सिग्नलच्या लयीचा पाठलाग करून क्लॉक काढणारी यंत्रणा) निवडून त्याची बँडविड्थ बिटदर भागिले १६६७ या प्रचलित सूत्राने ३ मेगाहर्ट्झ ठेवली, तरी तो बदलत्या फ्रिक्वेन्सीच्या मागे रेंगाळतोच, आणि या रेंगाळण्याचा एकूण पट्टा हिशेबाने सुमारे २६५ पिकोसेकंदांचा भरतो. २०० पिकोसेकंदांच्या बिटात तो मावणार कसा? आय डायग्रॅम (सगळे बिट एकावर एक ठेवून काढलेले चित्र) पूर्ण मिटलेला दिसतो, आणि बोर्ड कदाचित निर्दोष असतो. दुसऱ्या क्रमाचा पीएलएल लावताच हा भाग जवळजवळ नाहीसा होतो. या तपासणीसाठी रेकॉर्डही पुरेसा लांब हवा. स्प्रेडची दहा आवर्तने पकडायची, तर सेकंदाला ४० अब्ज नमुने घेणाऱ्या स्कोपला सव्वा कोटींहून अधिक नमुन्यांची मेमरी लागते.

त्यानंतर रँडम जिटर, म्हणजे जिटरमधला यादृच्छिक भाग. एक लाख कोटी बिटांत एक चूक एवढ्या पातळीवरचा एकूण जिटर काढताना रँडम जिटरच्या आरएमएस मूल्याला (वर्गांच्या सरासरीच्या वर्गमूळाला) सुमारे १४ ने गुणून त्यात डिटर्मिनिस्टिक (ठरावीक कारणांनी होणारा, मर्यादित) भाग मिळवतात. त्यामुळे रँडम जिटर मोजताना एका पिकोसेकंदाची गफलत झाली, तर अहवालात १४ पिकोसेकंदांचा फरक पडतो. आणि नेमकी याच जागी स्कोपची स्वतःची नॉइज मिसळते. तिचे वेळेत होणारे रूपांतर सरळ आहे: नॉइजचा व्होल्टेज भागिले कडेचा चढ. ट्रान्समीटरजवळ कड दर पिकोसेकंदाला १० मिलिव्होल्ट चढत असेल आणि नॉइज ५ मिलिव्होल्ट असेल, तर अर्धा पिकोसेकंद पदरात पडतो. तो वर्गांच्या वजाबाकीने काढून टाकता येतो. लांब ट्रेस (बोर्डावरील तांब्याची वाट) ओलांडून रिसीव्हरपाशी चढ २ मिलिव्होल्टवर आला आणि स्कोपवरील व्होल्टेजची पट्टी (स्केल) तशीच ठेवली, तर तीच नॉइज अडीच पिकोसेकंद होते, म्हणजे अहवालात ३५. म्हणून सिग्नल पडद्याची उंची जवळजवळ व्यापेल, पण छाटला जाणार नाही, अशी पट्टी ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि सर्वाधिक दुर्लक्षितही. डिफरन्शियल जोडीच्या (एकमेकांच्या उलट सिग्नल वाहणाऱ्या दोन तारांच्या) दोन केबलींमधील वेळेचा फरकही डीस्क्यू करून (भरून काढून) घ्यावा, अन्यथा कडा निष्कारण मंद होतात आणि चढ आणखी घटतो.

एवढे झाल्यावर जे उरते ते बहुतांशी लिंकचे. येथेही सॉफ्टवेअरने लावलेल्या नावांवर मी फार विसंबत नाही. शेजारच्या लेनमधून (सिग्नलच्या दुसऱ्या वाटेतून) येणारा क्रॉसटॉक मर्यादित असतो, परंतु आपल्या डेटा पॅटर्नशी त्याचा संबंध नसतो आणि त्याची ऊर्जा स्पेक्ट्रममध्ये पसरलेली असते; त्यामुळे स्पेक्ट्रमवर आधारित पद्धत त्याला रँडम समजते, आणि मग तो विनाकारण १४ ने गुणला जातो. शेजारची लेन बंद करून पुन्हा मोजल्यावर रँडम जिटर ठळकपणे उतरला, तर खरा दोषी कळतो. लेन बंद करणे शक्य नसेल, तेथे वितरणाच्या शेपटांवर रेषा बसवणारी पद्धत अधिक विश्वासार्ह ठरते. स्पेक्ट्रममध्ये काहीशे किलोहर्ट्झवर एकच टोकदार शिखर दिसले, तर त्याची फ्रिक्वेन्सी बोर्डावरील स्विचिंग रेग्युलेटरशी (वीजपुरवठ्याचा व्होल्टेज नियंत्रित करणाऱ्या परिपथाशी) ताडून पाहावी. मात्र हे शिखर पीएलएलच्या बँडविड्थच्या आत पडत असल्याने रिकव्हरी चालू असताना ते बरेच दबते. ३ मेगाहर्ट्झच्या पहिल्या क्रमाच्या पीएलएलनंतर ४०० किलोहर्ट्झच्या शिखराचा जेमतेम आठवा भाग उरतो. म्हणून रेग्युलेटरचा शोध घेताना, स्प्रेड स्पेक्ट्रम बंद करून, मी मुद्दाम स्थिर क्लॉकची निवड करतो, आणि पास-नापास ठरवताना पुन्हा पीएलएल लावतो.