डिप्रेशन ओसरल्यावर करायची थेरपी

मला डिप्रेशन परत परत येऊन गेलंय, त्यामुळे कोणी "आता बरी आहेस ना?" विचारलं की हो म्हणते, पण मनात धाकधूक असते ती पुढच्या खेपेची. एमबीसीटी म्हणजे माइंडफुलनेसवर (आत्ता जे चाललंय त्याकडे सजगपणे लक्ष देण्यावर) आधारलेली थेरपी नेमकी यासाठीच आहे, बरं असताना करायची.

झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या तीन मानसशास्त्रज्ञांनी ती तयार केली. त्यांचं म्हणणं असं की ज्याला डिप्रेशन येऊन गेलंय त्याचा मूड जरासा जरी उतरला तरी जुने विचार सगळे एकदम उठतात, मी काही कामाची नाही, परत सुरू झालं, आणि मग आपण असं का होतंय याचा विचार करत बसतो आणि तेवढेच अजून खोल जातो. मला हे वाचून रडूच आलं, कारण माझं अगदी असंच होतं.

आठ आठवडे, आठवड्यातून एकदा ग्रुपमध्ये दोनेक तास, शिवाय रोज घरी सराव. मनुका अगदी सावकाश खाणं, बॉडी स्कॅन म्हणजे शरीराच्या एकेका भागाकडे क्रमाने लक्ष देणं, वगैरे. मला सगळ्यात उपयोगी पडतं ते तीन मिनिटांचं थांबणं, आत्ता मनात काय चाललंय ते बघायचं, मग फक्त श्वास, मग सगळं शरीर. विचार घालवायचा नाही, हा नुसता विचार आहे एवढं कळलं तरी पुरे.

2000 सालच्या अभ्यासात तीन किंवा जास्त वेळा डिप्रेशन आलेल्यांपैकी नेहमीचेच उपचार घेणाऱ्या 66 टक्के लोकांना ते परत आलं, या थेरपीवाल्यांमध्ये 37 टक्के. दोनदाच आलेल्यांना मात्र तसा फायदा दिसला नाही. 2015 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं की दोन वर्षांत डिप्रेशन परत आलेले थेरपीवाले 44 टक्के आणि गोळ्या चालू ठेवलेले 47 टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. म्हणून प्लीज, डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नका.

आपल्याकडे लगेच सांगतात इगतपुरीला जा, दहा दिवस विपश्यना कर. ते वेगळं आहे, तेही डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

कोर्सच्या शेवटी आपापल्या धोक्याच्या खुणा लिहून काढायच्या असतात. माझ्या म्हणजे पहाटे जाग येणं आणि ताईचा फोन न उचलणं. तो कागद ताईकडेही दिलाय.

आणि आत्ताच कोणाला फार वाईट वाटत असेल तर सराव बिराव राहू दे, आधी 14416 ला फोन करा, टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं.