चालू पॅनेलवर जळालेला टॅन्टलम

चाकणच्या एका कारखान्यातून सकाळीच फोन आला. "साहेब, तुमचं सर्किट कार्ड पॅनेलमध्ये खोचलं आणि फटाक्यासारखा आवाज झाला. वरच्या पिवळ्या कॅपॅसिटरमधून जाळ निघाला."

पोचल्यावर आधी मेन बंद केला, गॉगल चढवला आणि कार्ड काढलं. १२ व्होल्टच्या इनपुटवर टॅन्टलमच्या, म्हणजे टॅन्टलम धातूपासून बनवलेल्या कॅपॅसिटरच्या, जागी काळा खड्डा होता, खालचा तांब्याचा ट्रॅकही उखडलेला. पहिला संशय उलटं बसल्याचा. एसएमडी (बोर्डच्या पृष्ठभागावर थेट चिकटणाऱ्या) टॅन्टलमवरची पट्टी प्लसची असते, अ‍ॅल्युमिनियमच्या कॅपॅसिटरवरची मायनसची, त्यामुळे ही गफलत बऱ्याचदा होते. पण त्याच लॉटमधलं कोरं कार्ड पाहिलं तर दिशा बरोबर होती. अंगावर छापलं होतं २२६सी, म्हणजे क्षमता २२ मायक्रोफॅरड, रेटिंग (जास्तीत जास्त व्होल्टेज) १६ व्होल्ट.

१२ च्या लाइनवर १६ चा कॅपॅसिटर अ‍ॅल्युमिनियमचा असता तर माझी हरकत नव्हती. टॅन्टलमचं तसं नाही. आत टॅन्टलमच्या भुकटीचा गोळा, त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, आणि कॅथोड (मायनसची बाजू) म्हणून मँगनीज डायऑक्साइड. थरात बारीक दोष असेल आणि करंट मर्यादित असेल, तर तिथला मँगनीज डायऑक्साइड तापून कमी ऑक्सिजनच्या, जवळजवळ न वाहणाऱ्या ऑक्साइडमध्ये बदलतो आणि दोष आपोआप झाकला जातो. करंट भरमसाट असेल तर त्याच पदार्थातून सुटणारा ऑक्सिजन तापलेल्या टॅन्टलमला मिळतो. मग कॅपॅसिटर शॉर्ट होऊन थांबत नाही, पेटतो. सप्लाय तोडणं हाच पहिला उपाय. नुसतं फुंकून काही होत नाही.

मग टेस्टिंगला सगळी कार्डं पास कशी झाली? आमच्याकडे कार्ड आधी जोडतात, मग करंट लिमिट लावलेला बेंच सप्लाय चालू करतात. व्होल्टेज हळूहळू चढतं. इथे ऑपरेटर चालू पॅनेलमध्ये कार्ड खोचत होता आणि मागे एसएमपीएसचे (पॅनेलच्या पॉवर सप्लायचे) मोठे कॅपॅसिटर भरून बसलेले. वाटेत अर्धा ओहम धरला तरी पहिला झटका २४ अँपिअरचा. ऑपरेटरला दोष देऊ नका, असं मी तिथेच सांगितलं. उत्पादन थांबवून कार्ड बदलणं त्याला परवडत नाही आणि ते गृहीत धरूनच सर्किट करायला हवं.

अशा दणकट सप्लायवर टॅन्टलम रेटिंगच्या निम्म्यावरच वापरावा, म्हणजे इथे २५ किंवा खरं तर ३५ व्होल्टचा. पण ३५ चा मोठ्या केसमध्ये येतो, पॅडवर बसेना. म्हणून इनपुटला २५ व्होल्टचा अ‍ॅल्युमिनियम घेतला, बोर्डवर त्याला जागा होती. ३.३ व्होल्टच्या बाजूचा १० व्होल्टचा टॅन्टलम मुद्दाम ठेवला. तिथे १२ चे ३.३ व्होल्ट करणारा रेग्युलेटर, एलएम १११७, हाच करंट आवरतो, शिवाय त्याला स्थिर राहायला आउटपुटच्या कॅपॅसिटरमध्ये किमान ०.३ ओहम ईएसआर, म्हणजे कॅपॅसिटरचा स्वतःचा अंतर्गत रोध, लागतो. अगदी कमी ईएसआरचा नुसता सिरॅमिक लावला तर रेग्युलेटर ऑसिलेट होऊ शकतो, म्हणजे आउटपुटचं व्होल्टेज सतत वरखाली होतं.

आता प्रत्येक लॉटमधली काही कार्डं त्याच जातीच्या चालू एसएमपीएसवर खोचून तपासतो, अ‍ॅक्रिलिकच्या पडद्याआडून.