पाय ओले कुठनं झाले?

पावसाळ्यात जीपवाल्याला "आत पाणी येतं का हो?" असं विचारू नये. येतंच. कुठनं येतं एवढाच प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर शोधण्यात निम्मा पावसाळा जातो. आमच्या सावंतवाडीत या छंदाला वाव भरपूर. वर आंबोलीला वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि घाट चढताना असं वाटत राहतं की त्यातला बराचसा आपल्या डाव्या चपलेत जमा होतोय.

पाणी जिथे दिसतं तिथून ते आत आलेलं नसतं, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. कौलारू घरात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, थेंब पडतो देवघरापुढे आणि फुटलेलं कौल सापडतं पार आढ्याजवळ, मधलं सगळं अंतर पाणी वाशाच्या पोटाला चिकटून आलेलं असतं. जीपमध्ये वासे नाहीत पण वायरी आहेत. इंजिन आणि आपले पाय यांच्यामधल्या पत्र्यातून वायरींचा जुडगा आत येतो, तिथे रबराचा बूच असतो, तो उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने वाळून कडक होतो आणि मग पाणी वायरीचं बोट धरून आत शिरतं ते थेट डॅशबोर्डच्या पोटात, आणि वायर जिथे झोळ देऊन वळते तिथे टपकतं. म्हणून चांगला वायरमन वायर आत घ्यायच्या आधी बाहेरच तिला खाली एक वळसा देतो. पाणी त्या वळशाच्या तळाशी गळून जातं, वर चढून आत जात नाही. इतकी साधी गोष्ट, पण करणारे कमी.

आधी पाणी कुठलं ते ओळखावं. शेजारच्या वकीलसाहेबांची नवी, पत्र्याच्या बंद टपाची फोरबायफोर (चारही चाकांना जोर असलेली गाडी) आहे, त्यांच्या बायकोच्या पायाशी मॅट ओली व्हायची आणि साहेब छताकडे बघत बसायचे. पाणी स्वच्छ, गार, आणि भर एप्रिलमध्येसुद्धा येणारं, म्हणजे ते पावसाचं कसं असेल? एसीची नळी तुंबली होती. पावसाचं पाणी मळकट असतं, पानांचा चोथा घेऊन येतं. आणि चिकट, गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, मग छत्री नाही, मेकॅनिक शोधायचा.

पावसाचंच आहे हे ठरलं की मॅट, तिच्याखालचा जाड नमदा सगळं उपसून काढायचं. ओल्या नमद्यावर बसून गळती शोधणारे लोक मला फार धाडसी वाटतात. तळ कोरडा पुसायचा, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरायची, मग एकाने बॅटरी घेऊन आत बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून पाइप धरायचा. आत बसायचं काम अर्थातच ज्याची जीप त्याचं. पाण्याचा थेंब पावडरीतून गेला की मागे रेघ उमटते, ती रेघ उलटी धरत वर जायचं. पाइप मात्र खालून सुरू करायचा. आधी दाराचा खालचा कड, मग बिजागऱ्या, मग काचेचं रबर, टप सगळ्यात शेवटी. वरून सुरू केलं की पाणी सगळ्याच फटींवरून ओघळतं आणि चोर कोण ते कळत नाही. आमचा मेकॅनिक बाहेरून ओरडत असतो, "येता काय? खयसून येता?" आणि आतून काही सांगेपर्यंत त्याचा पाइप पुढे सरकलेला असतो.

दाराच्या बिडिंगसाठी, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीसाठी, दहाची नोट पुरते. दारात नोट अडकवून दार लावायचं आणि ओढायची, घट्ट निघाली तर रबर ठीक, अलगद निघाली तर तिथे फट. बंद गाडीत याहून मजेशीर उपाय आहे, बाहेरची हवा आत घेऊन ब्लोअर फुल सोडायचा, काचा बंद, आणि बाहेरून रबरांवर साबणाचं पाणी मारायचं. जिथून हवा सुटते तिथे फुगे. वकीलसाहेबांची नातवंडं यावर जाम खूश होती.

माझ्या जीपला कापडी हूड आहे. त्यात कापडापेक्षा शिवण गळते, कारण सुईने पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे एक दार. हूडवाले चाचा सुती दोऱ्याच्या बाजूचे. सुती दोरा भिजला की फुगतो आणि स्वतःचं भोक स्वतःच बुजवतो, नायलॉन काही फुगत नाही. वरून ते शिवणीवर मेण घासतात. आणि कॅनव्हास असेल तर पावसात आतून बोट लावायचं नाही, लावलं की तिथूनच पाणी पाझरायला लागतं.

बाकी जगाचा सल्ला एकच, सिलिकॉन मारून टाका. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते उघड्या पत्र्याला लागलं की खालून गंज धरतो. गळती बंद आणि पत्रा गायब, हा काय सौदा झाला? पत्र्याच्या जोडाला पॉलीयुरेथेनचा सीलंट बरा, पक्का चिकटतो, लवचीक राहतो आणि वरून रंगही बसतो. लवचीकपणा लागतोच, कारण एक चाक दगडावर चढलं की अख्खी बॉडी पिळते आणि सपाटीवर नसलेली फट तिथे उघडते.

पण माझं मत विचाराल तर पाणी अडवण्याइतकंच त्याला बाहेर जाऊ देणं महत्त्वाचं. दाराच्या तळाशी बारीक छिद्रं असतात, काचेखालच्या खोबणीला निचऱ्याच्या वाटा असतात, आणि गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्याच्या त्या सगळ्या तुंबलेल्या असतात. ती पानं इतकी बारीक की जाळीतून आत जातात आणि आत त्यांचा चिखल होतो. जुन्या लष्करी जीपच्या तळालाच पाणी काढायचं भोक आणि त्याला बूच असायचं. करणारे पाणी येणार हे धरूनच चालले होते. २०२० च्या महिंद्रा थार जीपमध्येही धुता येणारा तळ आणि ड्रेन प्लग दिले, ते बघून मला बरं वाटलं होतं. उलट जाड गालिचा घातलेल्या गाड्यांत वर कोरडं आणि खाली महिनाभर ओलं, आणि कळतं कधी, तर खालच्या वायरी भिजून हॉर्न आपोआप वाजायला लागल्यावर.

माझ्याकडे आता एकच गळती उरलीय, उजव्या दाराच्या वरच्या कोपऱ्यातली. उभ्या गाडीत नाही, धुताना नाही, साठच्या पुढे गेलं आणि समोरून वारा असला की वरची चौकट बाहेर ओढली जाते आणि मानेवर तुषार येतात. मेकॅनिक म्हणतो चौकट गुडघा लावून आत वाकवायची, पाच मिनिटांचं काम. "चतुर्थी झाल्यार हाड," म्हणजे गणपती झाल्यावर आण. चतुर्थीनंतर पाऊस ओसरणार, आणि पाइप मारला तर तिथून थेंब येत नाही, मग याला गळती दाखवायची कशी? बहुतेक त्याला शेजारी बसवून घाटात न्यावं लागणार, आणि तो खिडकीकडे बसणार नाही हे नक्की.