ऑक्साइडच्या पातळ थरातून जाणारा प्रवाह

लातूरच्या एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला शिकवत असताना ॲल्युमिनियम, त्याचे ऑक्साइड आणि सोने असे थर एकावर एक चढवून त्यांतील प्रवाह मोजण्याचा नाद मला लागला. काचपट्टीवरचे ॲल्युमिनियम योग्य द्रावणात धनाग्र म्हणून ठेवले की दर व्होल्टला साधारण १.३ नॅनोमीटर ऑक्साइड वाढते. १५ व्होल्टला सुमारे २० नॅनोमीटर. त्यावर १० व्होल्ट लावले तर विद्युतक्षेत्र मीटरमागे ५० कोटी व्होल्टांवर जाते. हवा ३० लाखांच्या आसपासच ठिणगी टाकते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या थराची सहनशक्ती कळते.

प्रवाह मोजणे सोपे, तो कोणत्या वाटेने गेला हे सांगणे अवघड. प्रवाहाचा लॉगॅरिदम आणि व्होल्टेजचे वर्गमूळ यांचा आलेख सरळ आला की विद्यार्थी ‘शॉट्की उत्सर्जन’ (उष्णतेच्या बळावर धातूतून इलेक्ट्रॉन ऑक्साइडमध्ये उडी घेतात ती यंत्रणा) लिहून मोकळे होत, आणि खरे सांगायचे तर पहिल्या वर्षी मीही तेच केले. परंतु इलेक्ट्रॉन धातूच्या पृष्ठभागावरून न येता ऑक्साइडमधील सापळ्यांतून (ते अडकून पडतात अशा दोषांच्या जागांतून) सुटत असतील, म्हणजेच भौतिकशास्त्रज्ञ फ्रेंकेल यांनी १९३८ मध्ये मांडलेली यंत्रणा असेल, तरीही रेषा जवळजवळ सरळच येते. फक्त तिचा चढ सुमारे दुप्पट असतो. म्हणून दोन्ही यंत्रणा धरून चढावरून परावैद्युतांक (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट) काढायचा आणि तो ऑक्साइडच्या अपवर्तनांकाच्या वर्गाशी, म्हणजे ३ च्या आसपासच्या आकड्याशी, ताडून कोणती यंत्रणा जुळते ते पाहायचे.

तापमान बदलणे ही त्याहून खात्रीची कसोटी. पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या नळ्या ज्यात ठेवतात, तोच द्रव नायट्रोजन ओळखीच्या डॉक्टरांकडून थर्मासभर आणला (बूच घट्ट न लावता, स्कूटरवर) आणि नमुना ७७ केल्विनपर्यंत नेला. उष्णतेच्या बळावर चालणारा प्रवाह तिथे कोसळला. जास्त व्होल्टेजला जो उरला तो टनेलिंगचा, म्हणजे ऊर्जेचा अडथळा न चढता त्यातून आरपार जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा, कारण त्यासाठीच्या १९२८ च्या फाउलर-नॉर्डहाइम सूत्रात तापमान येतच नाही.

यातले काही इलेक्ट्रॉन वरचा सोन्याचा थर ओलांडून बाहेर निर्वातात येतात; ते पकडणे मात्र जिकिरीचे ठरले. सोन्याचे कार्यफलन (इलेक्ट्रॉनला धातूबाहेर पडायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे ५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे आणि बहुतेक इलेक्ट्रॉन ऑक्साइडमध्ये व सोन्यातच धडका खाऊन ऊर्जा गमावतात. सोने फार पातळ करावे तर थर बेटाबेटांचा होऊन वीजच वाहत नाही. त्यात लोडशेडिंग. वीज गेली की आधी निर्वात पात्र आणि पंप यांच्यामधली झडप बंद करायची, मग निर्वात करणाऱ्या रोटरी पंपात हवा सोडायची, नाहीतर पंपातले तेल उलटे चढते. एका मे महिन्यात मी झडपेपाशी उशिरा पोहोचलो. तेल सोन्यावर बसले आणि त्या नमुन्याने पुन्हा तेवढे इलेक्ट्रॉन दिले नाहीत.